चार वाजता उलटणारं पान

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही, तुला ते नको असतील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कामाचा एक सरळ प्रश्न आहे, दोन ओळींत उत्तर दिलंस तरी चालेल.

आईच्या पाटीचा पडदा बिघडलाय. पाटी म्हणजे तू तिला दिलेला ई-रीडर. ती त्याला शेवटपर्यंत पाटीच म्हणायची, आता मलाही दुसरा शब्द सुचत नाही. पान उलटलं की आधीचं पान पूर्ण जात नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या जागेत, काही अक्षरं फिकट होऊन तशीच राहतात. आधी वाटलं माझाच चष्मा. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या बाईला स्वतःचा नंबर बदललेला कळत नाही, हे आमच्या धंद्यात नेहमीचं. मग दुकानातल्या खुर्चीत बसून मी स्वतःलाच अक्षरांचा तक्ता वाचून दाखवला, अगदी खालच्या ओळीपर्यंत. डोळे ठीक आहेत, दोष पाटीतच आहे.

बटण चाळीस सेकंद दाबून धरलं. रात्रभर चार्जिंगला लावली. भिंगं पुसायच्या मऊ कापडाने पडदा पुसला. आत कुठेतरी 'प्रत्येक पानाला पडदा ताजा करा' अशी सोय सापडली, तीही चालू केली. आता प्रत्येक पानाआधी पडदा एकदा काळा होतो, एकदा पांढरा होतो, आणि कोपरा होता तसाच राहतो.

तू म्हणशील, पाटी तर बंद पडलीय असं तूच सांगितलं होतंस. आई गेल्यावर तू आलास, चार तास थांबलास, आणि जाताना एवढी एकच वस्तू मागितलीस, तेव्हा मी तसं म्हणाले होते खरं. तेव्हा ती बंदच होती. नंतर चालू झाली. यंत्रांचं असं होतं, तू लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तुला मी काय सांगणार. आणखी काय करून बघावं तेवढं कळव.

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. बरं. मूग गिळून बसायची तुझी सवय जुनीच आहे. शाळेतून मार खाऊन यायचास आणि दोन-दोन दिवस तोंड उघडायचा नाहीस. मी आपली लिहीत राहते.

आता नवीन भानगड सुरू झालीय. पाटी आपोआप पानं उलटते.

मी ती दुकानात आणून काउंटरवर उभी ठेवलीय, फ्रेमच्या काचपेटीला टेकवून, आईचं पुस्तक उघडं ठेवून. तेच, बोटीवरच्या आचाऱ्याची ती जाडजूड कादंबरी, तुम्ही दोघं मिळून वाचत होतात ती. सोमवारी दुपारी एक गिऱ्हाईक तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन बसलं होतं. मी भिंगं बदलत 'आता बरं की आधीचं बरं' विचारत होते, तेवढ्यात माझ्या डोळ्याच्या कडेला पडदा काळा होऊन पांढरा झाला. मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने परत तेच. गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचं ते यंत्र वाचत बसलंय वाटतं." घड्याळात चार वाजून काही मिनिटं झाली होती.

चार ही आईची वेळ, ते तुला वेगळं सांगायला नको. उठवून, तोंड पुसून, खिडकीपाशी बसवलं की पाटी हातात. तुझ्याकडे तेव्हा सकाळचा चहा. दोघांकडे एकेक यंत्र, दोघांचं खातं एक, पुस्तक एक. एकाने पानाच्या कडेला टिपण लिहिलं की ते दुसऱ्याच्या पानावर उमटतं. मला यातलं एवढंच समजलंय, चुकत असेन तर सांग.

समोरच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारी बाई आहे, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ पण हात सोन्याचा. तिने ब्रशने आणि कापसाने पडद्याच्या चारी कडा साफ केल्या.

"कडेला धूळ बसली, ओल लागली, की याला वाटतं कुणाचं तरी बोट लागलं," ती म्हणाली. "मग उलटतं पान."

"पण चारलाच का? सकाळपासून तर गप्प असतं."

"चष्मेबाई, ते मला काय माहीत. यंत्राला विचारा."

दुसऱ्या दिवशी चार ते पाच परत तेच. मी घड्याळ लावून बसले. एका पानाला अडीच मिनिटं. जिथे बोटीवरची माणसं एकमेकांशी बोलतात, तिथे दोनाच्या आत. काल मध्येच एक पान मागे गेलं, थांबलं, आणि मग पुढे आलं. वाचता वाचता डुलकी लागली की आई असंच करायची, आठवतं का तुला? एक पान मागे जाऊन परत धागा पकडायचा.

आई एकसष्ट टक्क्यांवर थांबली होती. खाली आकडा दिसतो. आज तो सदुसष्ट आहे. तुला घाबरवायला मी हे लिहीत नाही. मला फक्त एवढं सांग, धुळीला वाचता येतं का?

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

कोपरा वाढलाय. काडेपेटी होती, आता तळहाताएवढा झालाय. काल मी त्यावर भिंग धरलं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना पेपर वाचायला देते ते, दिवा असलेलं. ती मागच्या पानाची अक्षरं नाहीतच. एक चौकट आहे, तिची कड स्पष्ट दिसते. आत लिहिलंय: बारक्या आजही काही

पुढचं पुसट आहे. आई एका बोटाने टाइप करायची, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. हे तिचंच आहे.

आता एक गोष्ट सांगते. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी पाटीवरचं विमानाचं चिन्ह दाबलं होतं. ते दाबलं की यंत्र जगापासून तुटतं, ना काही येत, ना काही जात. चार्जिंग लवकर उतरायचं म्हणून दाबलं. नंतर काढायचं राहून गेलं.

आतल्या यादीत टिपणं वेगळी बघता येतात, ते मी काल शोधून काढलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर, अकरा आठवडे, आईची एकोणसत्तर टिपणं. सगळी तुला. एकही तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही, प्रत्येकापुढे 'पाठवायचं बाकी' असं आहे. मी मोजली, वाचली नाहीत. नाही, तीन वाचली. तुझी आहेत म्हणून जशीच्या तशी उतरवते.

बारक्या आचारी आज परत मीठ विसरला अगदी तुझी ताई

बारक्या तुझं काही आलं नाही कामात असशील जेवत जा

बारक्या ताईने आज पाय चेपले तिला सांगू नको पण तिचा हात बाबांसारखा आहे

तिसरं वाचल्यावर मी यादी बंद केली. दुकानात दोन माणसं बसली होती, एकाच्या चष्म्याची काडी बसवायची होती. ती बसवताना स्क्रू तीनदा खाली पडला.

पाटी त्र्याहत्तरवर आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

चार्जिंगसाठी नव्हे. ते मी खोटं लिहिलं. तू ओळखलं असशीलच, पण माझ्या हाताने लिहिलेलं बरं.

तीन वर्षं मी तिचं सगळं केलं. खुबा मोडल्यापासून अंघोळ, कपडे, औषधं, कूस बदलणं. मला त्याचं काही वाटलं नाही, तुझ्यावर उपकारही नाहीत. पण मी तिची पाठ पुसत असायचे आणि ती म्हणायची, "जरा पटपट कर गं, चार वाजले, बारक्याने काय लिहिलंय बघू दे." माझ्याशी दिवसभरात दहा शब्द, तेही पाणी दे, पडदा लाव. आणि त्या राखाडी पडद्याकडे बघून तिला असं हसू फुटायचं की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. हजारो मैलांवर बसून तू रोज एक ओळ लिहायचास आणि मुलगा ठरायचास. माझा जळफळाट व्हायचा. दुसरा शब्द नाही त्याला. एक दिवस तिला डुलकी लागली असताना मी ते चिन्ह दाबलं.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. त्याच आठवड्यात मी तुला फोन केला, तो तुझ्या लक्षात असेल. आईच्या दृष्टिपटलाचा मधला भाग गेला, असं मी सांगितलं. कडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही, मीच तपासलंय, आता वाचणं संपलं, तू लिहून तिला उगाच वाईट वाटायला लावू नकोस. तू म्हणालास, "तू तपासलंयस ना, मग झालं."

तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती. नंबरसुद्धा बदलला नव्हता. ती रोज तुझी वाट बघायची आणि मी सांगायचे, कामात असेल गं.

हे तुला आता का सांगते? कारण पाटी जाणार आहे. डाग अर्ध्या पडद्यावर आलाय. दुरुस्तीवालीने आज उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, एकच उपाय उरलाय, सगळं पुसून कोरी करायची आणि नव्याने चालू करायची. पडदा सुधारला तर सुधारला.

"आत काही ठेवण्यासारखं आहे का?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "नाही."

तिच्याकडे ठेवून आलेय. उद्या संध्याकाळपर्यंत करून देते म्हणाली. कोरी झाली की एकोणसत्तर टिपणं गेली, आणि आईने तुझी वाट बघितली हे माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. हे पत्र पेटीत टाकलं नाही की संपलं. मी ते लिहितेय खरी, टाकीन की नाही माहीत नाही.

आणखी एक, नाहीतर झोप लागणार नाही. आईला हसू आलं की ती त्या ओळीखाली बोट ओढून रेघ करायची. आज पाटी देण्याआधी मी मागची पानं चाळली. एकसष्टच्या पुढे, जी पानं आईने कधी बघितलीच नाहीत, तिथेही रेघा आहेत. चौसष्टवर एक, सत्तरवर दोन, ब्याऐंशीवर एक. प्रत्येक वेळी गमतीच्या ओळीखाली. ब्याऐंशीवर आचारी कप्तानाच्या टोपीत बटाटे धुतो. मी एकटीच दुकानात उभी होते आणि मला हसू आलं, आणि मग मी शटर अर्धं खाली ओढलं.

ताई


६ मार्च

बारक्या,

मागचं पत्र याच पाकिटात आहे. ते आधी वाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकं केली, एकाचा नंबर चुकीचा लिहिला, खोडला, परत लिहिला. साडेतीनला हातातलं काम टाकून समोर गेले. पुसली असेल असंच मनात धरलं होतं. बरं वाटणार होतं की वाईट, ते ठरत नव्हतं.

पाटी तिच्या टेबलाच्या खणात होती, फडक्यात गुंडाळलेली.

"झालं नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि ही बाई एरवी डोळ्यात डोळे घालून भांडते. "काल तुम्ही गेल्यावर घेतली होती हातात. चार वाजले होते. पुसायचं बटण दाबणार तर पान उलटलं. म्हटलं, होऊ दे. मग दुसरं उलटलं. पाचपर्यंत बसून राहिले मी. कुणीतरी वाचत असताना हातातून ओढून घेतल्यासारखं वाटलं हो. तुमचं तुम्ही काय करायचं ते करा, माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी पैसे पुढे केले, तिने हाताने मागे सारले.

दुकानात आले, शटर पूर्ण खाली घेतलं, दिवा लावला आणि तपासणीच्या खुर्चीत बसले. पडद्याचा वरचा हातभर भाग... नाही, हातभर कसला, चार बोटं. तेवढाच वाचता येत होता. बाकी सगळी सावली, चौकटीवर चौकट, आईच्या अक्षरावर आईचं अक्षर. मी विमानाचं चिन्ह परत दाबून बंद केलं. यंत्र दुकानाच्या वायफायला जोडलं जायला मिनिटभर लागलं. ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही.

पहिल्यांदा एक सूचना आली. तुमच्या दुसऱ्या यंत्रावर हे पुस्तक चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत वाचलं आहे, तिथे जायचं का?

मी इथला आकडा बघितला. चौऱ्याण्णव. पानही तेच.

तू वाचत होतास. आई गेल्यावरही, रोज, तुझ्या सकाळच्या चहाला. आणि माझ्या काउंटरवर, जगापासून तुटलेली, कुठूनही काही न येणारी पाटी तुझ्याबरोबर पानं उलटत होती. नंतर दुरुस्तीवालीला विचारलं. ती म्हणाली, होऊच शकत नाही. मीही आतापर्यंत असंच समजत होते.

मग आईची टिपणं जायला लागली. 'बाकी'चा आकडा खाली येत होता, अडुसष्ट, सदुसष्ट. आणि तुझी यायला लागली. माझ्या त्या फोननंतर तू लिहिणं सोडलं असशील असं मी धरून चालले होते. तू एक दिवससुद्धा सोडलं नव्हतंस. पहिलं सप्टेंबरचं होतं, तेवढंच मी वाचलं.

आई, ताई म्हणते तुझी नजर गेली. ताई बाकी कशातही खोटं बोलेल, डोळ्यांच्या बाबतीत नाही. म्हणजे हे तू वाचणार नाहीस. तरी लिहितो, सवय झालीय.

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तू बघितलं होतंस, आणि तुझ्या मनात काय आलं तेही मला समजलं होतं.

चार वाजून अठरा मिनिटांनी वरच्या त्या चार बोटांत नवीन चौकट आली. दोनच शब्द.

कोण आहे?

तुझ्याकडे काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. तू चहा घेऊन बसलास आणि तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या आईची एकोणसत्तर टिपणं एकामागून एक पानावर आली. मी काहीच न लिहिता बसू शकले असते. तू जे समजला असतास ते समजला असतास, आणि कदाचित तुला बरंही वाटलं असतं. मिनिटभर मी तसं ठरवलंही होतं. 'आई' लिहायला दोन अक्षरं लागतात, बोट तिथपर्यंत गेलंही होतं. हे मी कुणालाही सांगणार नाही, तुला सांगते.

पण मग आईच्या नावावर ते माझंच खोटं पुढे चाललं असतं. मी लिहिलं: ताई आहे. आईची नजर शेवटपर्यंत चांगली होती. मी खोटं बोलले.

पाठवलं. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला. पांढरा झाला तेव्हा डाग, सावल्या, पुस्तक, काहीच नव्हतं. कोरा पडदा, आणि मधोमध माझी ती चौकट, ठसठशीत. त्यानंतर काहीही हललं नाही. बटण दाबून धरलं, चार्जिंग लावलं. दुरुस्तीवालीने उघडून बघितली, आत काही जीव नाही म्हणाली. या जातीच्या पडद्याला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, शेवटचं जे आलं ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

त्यामुळे तू पुढे काय लिहिलंस ते मला दिसलं नाही. लिहिलंस की नाही तेही माहीत नाही. आता चार वाजतात आणि पाटी गप्प असते, तरी अडीच मिनिटं झाली की माझी नजर तिकडे जाते. जे म्हणाला असशील ते कागदावर लिही. माफी मागत नाही, तुझ्या जागी असते तर मी माफ केलं नसतं. शिवी दिलीस तरी पत्र पूर्ण वाचेन.

पाटी मी खणात टाकणार होते. टाकली नाही, काउंटरवरच आहे. काल एक शिक्षिका जवळचा नंबर तपासायला आली होती. वाचायला देते ते छापील कार्ड मला सापडेना, मी खाली वाकून शोधत होते. तेवढ्यात तिने काउंटरवरची पाटी उचलली, डोळ्यांपासून वीतभर धरली, आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली.

"बरोबर वाचलं ना?" तिने विचारलं.

मी वर आले आणि म्हणाले, "हो, बरोबर आहे."

ताई